आईनं माझं डिझाइन कोंबड्यांना दिलं

माझं आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र डिझाइन आजही रोज वापरात आहे. दौंड तालुक्यात, केडगावच्या जवळ, आमच्या वस्तीवर. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा, लेझरनं कापलेला, कडा गोल केलेल्या, वर पिवळाधमक पावडर कोटिंगचा रंग. एकदम सॉल्लिड! रोज संध्याकाळी दिवेलागणीला आई तो उचलते, कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवते आणि वर एक दगड.

आता खरं सांगते. ते खुराड्याचं झाकण नव्हतंच. तो कडबाकुट्टी मशीनचा सेफ्टी गार्ड होता. कॉम्प्युटरवर तीन रात्री जागून मी त्याचं मॉडेल केलं होतं. आईनं आठव्या दिवशी दोन बोल्ट काढले आणि गार्ड कोंबड्यांना देऊन टाकला.

ही त्या गार्डची गोष्ट. म्हणजे एका मेकॅनिकलवालीला इंजिनीअरिंगची डिग्री घेऊन झाल्यावर डिझाइन कसं शिकावं लागलं, त्याची. आणि माझ्या काकूच्या दोन बोटांचीही.

शिरूर टू दौंड, व्हाया न्हावरा

तुम्हा पुणेकरांना दौंड म्हणजे काय माहीत असतं? एक जंक्शन. पूर्वी मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन बदलायला जिथं ताटकळत बसावं लागायचं आणि वडे खाऊन वेळ काढावा लागायचा, ते स्टेशन. आणि शिरूर म्हणजे नगर रोडवरचं घोडनदीकाठचं गाव, रांजणगावच्या गणपतीनंतर लागणारं. माझं सगळं आयुष्य या दोन ठिकाणांच्या मधे गेलंय. २०१५ साली बीई झाले आणि रांजणगाव एमआयडीसीत नोकरी लागली. कंपनीचं नाव राहू द्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लागणारे छोटे छोटे पार्ट आम्ही बनवायचो. शिरूरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली होती. शनिवारी शिफ्ट सुटली की मिळेल त्या गाडीनं न्हावऱ्यापर्यंत, तिथून पुढं पारगावला भीमेचा पूल ओलांडून केडगाव. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं आपण. वीकेंड सुरू!

कामाचं म्हणाल तर मी ब्रॅकेटची स्पेशालिस्ट झाले होते. ब्रॅकेट म्हणजे एक वस्तू दुसऱ्या वस्तूला धरून ठेवणारा वाकवलेला पत्रा. त्याला किती भोकं, कुठल्या मापाची, किती टॉलरन्स, एवढं बघायचं. तो ब्रॅकेट कुठं बसतो ते ड्रॉइंगवर दिसायचं. तो फ्रिज कोण उघडतं, कसं उघडतं, हे कधी दिसायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. माझे इंजिनीअरिंगचे फंडे एकदम क्लिअर होते : वस्तू मजबूत पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि ड्रॉइंगप्रमाणं पाहिजे. बास.

काकूचं ध्यान नव्हतं

आमचं आणि थोरल्या काकांचं घर एकाच अंगणात. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण गोठा एक आणि कुट्टीचं मशीनही एक. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका पन्हळीतून चारा आत सरकवायचा. पुढं दातेरी रोलर तो खेचून घेतात आणि त्यामागं मोठ्या चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. मोटर दोन हॉर्सपॉवरची. ती जोंधळ्याचं ताट आणि माणसाचं बोट यात फरक करत नाही.

२००९ सालची गोष्ट. मी दहावीत होते. ताईच्या, म्हणजे चुलतबहिणीच्या लग्नाला तीन आठवडे राहिले होते. पहाटे पाचच्या सुमाराला गोठ्यातून काकूची हाक आली. नंतर सगळं फास्ट फॉरवर्ड : जीप, दौंड, तिथून पुणे. उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. लग्न ठरल्या तारखेला झालं. काकूनं अक्षता डाव्या हातानं टाकल्या.

त्यानंतर जे यायचे ते एकच वाक्य बोलायचे. "ध्यान कुठं होतं?" पावणे विचारायचे, शेजारी विचारायचे, आमचे काकाही विचारायचे. हळूहळू उत्तर ठरून गेलं : लेकीच्या लग्नाचं डोक्यात होतं, ध्यान नव्हतं, म्हणून झालं. काकू स्वतःही तेच सांगायची. हसून म्हणायची, "अंगठा ऱ्हायलाय की, कागदावर उठवायला बास हाय." ताई मात्र हसायची नाही. आपल्या लग्नामुळं आईची बोटं गेली, असं ती मनात धरून बसली होती. तिला शिरूर तालुक्यात मांडवगणजवळ दिलीय. माहेरी आली की गोठ्याकडं फिरकायची नाही.

आणि मी? मलाही तेच वाटायचं. मशीनवर काम करताना लक्ष नको का द्यायला? पुढं कंपनीत लागले तेव्हा शॉपफ्लोअरच्या भिंतीवरही तेच लिहिलेलं होतं : सावध राहा, सुरक्षित राहा.

काकूनं त्यानंतर मशीनला हात लावला नाही. दोन्ही घरांच्या आठ गायींची कुट्टी माझी आई करायला लागली. तेच मशीन, तीच जागा, तीच पहाटेची वेळ.

गार्ड

२०१८ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं, आता आपण इंजिनीअर आहोत, काहीतरी केलंच पाहिजे. रविवारी मशीनची मापं घेतली. सॉफ्टवेअरमध्ये अख्खं मशीन उभं केलं, नटबोल्टसकट. रोलरच्या तोंडावर बसणारा गार्ड काढला, त्यात अरुंद फट ठेवली. चारा जाईल, हात जाणार नाही. लोड टाकून तपासलं, पत्रा कुठं वाकतोय का तेही पाहिलं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला आणि पिवळा रंग दिला, कारण सेफ्टीचा रंग पिवळा! न्हावऱ्यापासून मांडीवर घेऊन आले. बसवला, फोटो काढला, कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. भरपूर अंगठे मिळाले.

पुढच्या शनिवारी गेले तर गार्ड खुराड्यावर.

"आगं, त्यो पत्रा लई झ्याक हाय," आई म्हणाली. "मुंगूस शिरत न्हाय आता."

"आणि मशीनला?"

"मशीनला नडतुया त्यो. उसाची वाढं अडकत्यात. आत काय चाललंय त्ये दिसत न्हाय. दोनच बोल्ट तर व्हते, काढले."

मी सॉलिड भडकले. "काकूचं काय झालं ते विसरलीस का?"

आईनं पाटी खाली ठेवली. "इसरंन कशी? पर आठ गाया उपाशी ठिवू का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बीईला फर्स्ट क्लास होता, पण हा प्रश्न कुठल्याच सेमिस्टरला नव्हता.

ढकला की ओढा?

त्याच पावसाळ्यात पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनचा शनिवार-रविवारचा एक कोर्स मी लावला. नोकरी सोडून पूर्ण वेळ शिकणं परवडणार नव्हतं. नाहीतर आपल्याकडं जागा कमी नाहीत. पवईला आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून आहे. लोणी काळभोरला, आमच्या दौंड-पुणे रेल्वेच्या वाटेवरच, २००६ साली डिझाइनचं कॉलेज निघालं. आणि त्याआधी अहमदाबादची एनआयडी, १९६१ ची. तिची गोष्ट तर मस्त आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवराबायकोला भारत सरकारनं बोलावलं. त्यांनी देशभर फिरून १९५८ साली एक अहवाल दिला. आणि त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं? तर आपल्या लोट्याचं! तो डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा कसा तोलतो, ओतताना धार कशी पडते, धुताना हात आत जातो का, असे प्रश्न त्यांनी लोट्याविषयी मांडले. आमच्या घरी तीन लोटे होते. मला आयुष्यात एकही प्रश्न पडला नव्हता.

पहिल्या दिवशी सरांनी हातानं एक सरळ रेघ मारायला सांगितली. मला येईना! सगळं आयुष्य माउसवर गेलेलं. आठवडाभरात नळाच्या तोट्यांची शंभर स्केचेस काढून आणायची होती. शिरूरच्या खोलीत मी रात्री बारापर्यंत तोट्या काढत बसायचे. रूममेट म्हणायची, मेकॅनिकल सोडून प्लंबिंगला गेलीस का? पण साठ-सत्तर झाल्यावर फंडा कळला. स्केच सुंदर यावं म्हणून काढायचंच नसतं. आपण बघतोय का, हे तपासायला काढायचं असतं. ओल्या, साबणाच्या हातानं कुठली तोटी फिरेल आणि कुठली निसटेल, हे काढता काढता दिसायला लागतं.

मग पुस्तकं आली. डोनाल्ड नॉर्मन यांचं १९८८ चं एक पुस्तक आहे. आधी ते 'सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' नावानं आलं, नंतर 'डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' झालं. तुमच्या ऑफिसच्या काचेच्या दाराचं बघा. तुम्ही ओढता, ते ढकलायचं असतं, आणि मागचा हसतो. आपल्याला वाटतं आपणच बावळट. नॉर्मन सांगतात ते थोडक्यात असं : दाराला ओढायची मूठ लावायची आणि वर 'ढकला' अशी पाटी लावायची, तर चूक दाराची आहे. वापरणाऱ्याला बोल लावण्याआधी वस्तूकडं बघा.

बसमध्ये मी हे वाचत होते. वाघोलीचं ट्रॅफिक होतं, त्यामुळं वेळच वेळ होता. आणि एकदम काकूच आठवली. ध्यान कुठं होतं...?

फक्त बघ

प्रोजेक्ट म्हणून मी गार्डची गोष्ट वर्गात सांगितली. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गार्ड असताना आईंना कुट्टीला किती वेळ लागत होता? आणि काढल्यावर किती लागतो?"

"माहीत नाही सर."

"मग तू डिझाइन कुणासाठी केलंस?"

खरंच की! माझ्या मॉडेलमध्ये मशीन होतं, मोटर होती, नटबोल्टही होते. चारा नव्हता. आई नव्हती. मी फट काढली ती वाळल्या कडब्याच्या हिशेबानं, आणि आई निम्म्या वेळा ओली वाढं घालते, पाल्यासकट गुंता झालेली.

सरांनी काम दिलं : एक अख्खी सकाळ नुसतं बघ. बोलायचं नाही, मदत करायची नाही, उपाय सुचला तरी वहीत लिहायचा नाही. फक्त काय घडतं ते लिहायचं.

सांगायला सोपं आहे, पण पहाटे पाच वाजता गोठ्यात वही घेऊन नुसतं बसून दाखवा! आई म्हणाली, "बसून काय बघतीस? त्या कडच्या गायीची धार तरी काढ." मी मान हलवली. तिला वाटलं, पोरगी पुण्याला जाऊन बिघडली.

पण त्या पाऊण तासात जे दिसलं ते मी आधीच्या वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिली गोष्ट : पेंडी अर्धी आत जाईपर्यंत काही धोकाच नसतो, आई हात लांब ठेवते. धोका असतो शेवटच्या वीतभर टोकांचा. ती हलकी असतात, रोलर त्यांना नीट धरत नाहीत, ती पन्हळीत लोळत राहतात. मग आई ती हातानं पुढं सारते. त्या सकाळी २३ वेळा तिचा हात तिथपर्यंत गेला. मी रेघा मारून मोजले.

दुसरी : दर वेळी हात जायचा नाही. पुढची पेंडी हाताशी असेल तेव्हा आई त्या पेंडीनंच आधीची टोकं आत ढकलायची. पण चाऱ्याचा ढीग तिच्या पाठीमागं, जमिनीवर. वळायचं, वाकायचं, उचलायचं. तोवर टोकं तशीच. म्हणून हात.

तिसरी : गोठ्यातला एकमेव बल्ब तिच्या मागं होता. मशीनच्या तोंडावर, म्हणजे जिथं सगळ्यात नीट दिसायला हवं नेमकं तिथं, तिची स्वतःची सावली.

चौथी : रोलर थांबवायचा, उलटे फिरवायचा दांडा पलीकडच्या बाजूला. तो गाठायचा तर पन्हळीवरून ओणवं व्हायचं. चारा अडकला की आई दांड्याला हात घालायचीच नाही, टोकं धरून ओढायची.

आणि पाचवी गोष्ट लिहिताना माझा हात थांबला. यातली एकही गोष्ट आईच्या ध्यानात असण्या-नसण्याची नव्हती. आईचं ध्यान पूर्ण होतं. तरी हात २३ वेळा आत गेला. २००९ मध्ये ढीग तिथंच होता. बल्ब तिथंच होता. दांडा तिथंच होता.

कुकरचं झाकण

नंतर शोधलं तर कळलं की या प्रश्नावर आपल्याच देशात काम झालेलं आहे. आयआयटी दिल्लीतले दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत चारा कापण्याच्या यंत्रांमुळं होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास केला आणि सुरक्षित मशीन तयार केलं. त्यांचा शोधनिबंध २००४ साली आला. हात फार पुढं गेला तर आधीच बोटांना लागून इशारा देणारा एक रोलर, पात्यांवर आच्छादन, मशीन वापरात नसताना चाक फिरू नये म्हणून अडसर, असे साधे उपाय. म्हणजे काकूच्या अपघाताच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं. आमच्या गोठ्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

मी स्वयंपाकघरात बसून विचार करत होते आणि समोर कुकर होता. आतून बसणाऱ्या झाकणाचा. त्याची गंमत माहितीय? आत वाफ असते तोवर वाफच झाकण घट्ट दाबून धरते, उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. सेफ्टीसाठी वेगळा काही पार्ट नाही. झाकण हीच सेफ्टी, आणि झाकणाशिवाय भात शिजत नाही. म्हणून ते काढून कुणी खुराड्यावर ठेवत नाही! माझा गार्ड म्हणजे कामात लुडबुड करणारा पाहुणा होता. पाहुण्याला लोक घालवतातच.

मग कॉम्प्युटर न उघडता कामाला लागले. रांजणगावात फ्रिजच्या खोक्यांना काय तोटा! पुठ्ठा आणला, गोठ्यातच कापून आकार करून बघितले. आईच्या शिवणाच्या टेपनं तिचंच माप घेतलं : खांद्यापासून बोटांपर्यंत ६४ सेंटिमीटर, कोपराची उंची, वाकल्यावर हात कुठवर जातो ते. भारतीय माणसांच्या अशा मापांचं एक अख्खं पुस्तक आहे, देबकुमार चक्रवर्ती यांचं, एनआयडीनं १९९७ साली काढलेलं. ते आमच्या सरांकडं होतं. आमच्या मशीनची उंची बहुतेक कुणा उंच पुरुषाला समोर ठेवून ठरवली असणार. आईच्या कोपराच्या चार बोटं वर होती.

शेवटी झालं ते असं. ढिगासाठी आईच्या डाव्या हाताला शहाबादी फरशीचा ओटा, कमरेइतका उंच, म्हणजे पुढची पेंडी न वळता हाताशी. बल्ब उचलून मशीनच्या समोरच्या वाशाला. पन्हळ हातभर लांब, बाहेरच्या तोंडाला रुंद, आणि रोलरकडच्या अर्ध्या भागावर वरून उंच जाळी. ओलं वाढं अडकत नाही, आत दिसतं, पण हात पोचत नाही. उभं राहायला विटांचा पायठा. आणि दांड्याला पाइप जोडून मांडीच्या उंचीवर आडवी दांडी. ती दाबली की रोलर थांबतात.

यातलं निम्मं काम तर मशीनला हातही न लावता झालं, आणि बल्ब हलवायला वायर सोडली तर खर्च शून्य. हे कुठल्या ड्रॉइंगवर आलं असतं?

झक्कास झालं ना? थांबा. पुढच्या शनिवारी बघते तर ती आडवी दांडी सुतळीनं बांधून ठेवलेली!

"वाकलं की लागती मांडी, आन् मशीन थांबतंय. दहा येळा झालं," आई म्हणाली.

या वेळी मी भडकले नाही. वही काढली. कुठं उभी असतेस, कधी लागते, किती वेळा... दांडी दोन इंच मागं घेतली आणि स्प्रिंग जरा कडक घातली. सहज टेकलं तर काही नाही, अंग टाकलं तर थांबणार. सुतळी सुटली ती परत बांधली गेली नाही. कुट्टी आधी पाऊण तासात व्हायची, आता दहा मिनिटं कमी लागतात. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तीन महिन्यांनी दिलं.

काकूची परीक्षा

दिवाळीत ताई माहेरी आली होती. संध्याकाळी काकू अंगणात चकल्या मोडून बघत बसली होती. मी वही घेऊन शेजारी बसले. सांगायचं कसं ते कळेना. मग सरळ वाचूनच दाखवलं. ढीग कुठं होता, सावली कुठं पडायची, हात २३ वेळा का जात होता.

"काकू, तुझं ध्यान होतं. जागाच तशी होती. कुणाचंही झालं असतं. आईचं तर कधीही झालं असतं."

काकू काही बोलली नाही. चकलीचा तुकडा तिच्या तीन बोटांत तसाच राहिला. मग म्हणाली, "मंग इतकी वरसं सगळी मलाच का बोलत व्हती?"

काका ओसरीवर होते. त्यांनी पेपर खाली केला, काही म्हणाले नाहीत, परत वर केला. पण पान उलटलं नाही बराच वेळ. ताई उठून आत गेली. डोळे पुसून आली आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा गोठ्यात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आवाज आला. काकू मशीनपाशी होती. आई बाजूला, बटणावर हात ठेवून. काकूनं एक पेंडी घातली, मग दुसरी. मग मुद्दाम कमरेनं दांडी दाबली. रोलर थांबले. परत चालू, परत दाबली. लहान पोरीसारखी चार वेळा केलं तिनं ते. "ह्ये बरं हाय," म्हणाली. "हात न लावता गप हुतंय." मग उलट्या दांड्याची मूठ धरायला गेली आणि तिचा हात घसरला. मूठ पाच बोटांसाठी होती. मी वहीत लिहून घेतलं. आता त्या मुठीवर सायकलच्या हँडलचं जाड रबर आहे, तीन बोटांतही घट्ट बसतं. आणि गंमत म्हणजे आईलाही तीच सोपी वाटते.

सोमवारी ऑफिसात

पुढं मी ब्रॅकेट सोडले. आता खराडीत एका कंपनीच्या डिझाइन टीममध्ये आहे. इंजिनीअर मित्र विचारतात, डिझाइन शिकायला काय करू, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मी म्हणते, आधी वही घे. आपण केलेली वस्तू कुणीतरी वापरत असताना एक तास गप्प बसून बघ. सगळ्यात अवघड गप्प बसणं आहे. लोक कुठं दोरी बांधतात, कुठं कागदाची घडी घालून ठेवतात, काय काढून फेकतात, ते लिही. ती सगळी आपल्याला आलेली पत्रं असतात, फक्त पोस्टानं येत नाहीत. स्ट्रेंथ, टॉलरन्स, कॉस्टिंग हे आपलं इंजिनीअरिंग काही वाया जात नाही. स्प्रिंग किती कडक हवी ते मला त्यामुळंच काढता आलं. फक्त प्रश्न आधी दुसऱ्याकडून घ्यायचा असतो.

एवढं करूनही सगळं जमतंच असं नाही. गोदरेजनं छोटुकूल नावाचा छोटा फ्रिज काढला होता. त्यासाठी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांना विचारून, त्यांना दाखवून तो घडवला. कॉम्प्रेसर नाही, झाकण वरून उघडणारं, उचलून नेता येईल इतका हलका. नावाजला खूप गेला, पण गावातल्या घरांत अपेक्षेइतका खपला नाही. म्हणजे विचारणं ही सुरुवात असते, गॅरंटी नसते. माझ्या बाबतीत तर सुतळी बांधलीच गेली होती!

माझ्या डेस्कवर एक फोटो आहे. कलिग विचारतात, हा पिवळा पत्रा कसला? मी सांगते, माझं पहिलं प्रॉडक्ट, युजर अजून खूश आहेत, विशेषतः कोंबड्या.

गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा आईला सांगितलं, की सध्या एका नव्या वस्तूवर काम करतेय, पहिलं मॉडेल पार फसलंय, टाकून द्यावं लागणार.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "फेकू नगं. घिऊन ये. रांजणाला झाकण पायजेलच हाय."